केबिनचा दिवा

"ही कोण?" पद्माक्कांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

स्क्रीनवर त्यांच्याच होणाऱ्या घराचं स्वयंपाकघर होतं. ओट्याशी मी एक बाई उभी केली होती. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं मिळत. ओटा किती उंच, खोली केवढी, हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून मॉडेलमध्ये एखादं माणूस उभं करायची ऑफिसची पद्धत होती. संग्रहातली सगळी माणसं परदेशी. ही बाईसुद्धा कोट-पँटमधली, हातात कॉफीचा मग घेतलेली.

"कुणी नाही, आक्का. मापासाठी ठेवलीय."

"मापासाठी?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, ही आपल्याकडं राहणार हाय काय?"

"न्हाई गं," मगदूम आण्णा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पोरी, काढ तिला. घरात दुसरी बाई नको. एकीलाच पुरा पडंना झालोय मी."

आवटी सर मोठ्यानं हसले. मी त्या बाईवर क्लिक केलं आणि तिला पुसून टाकलं. पद्माक्कांनी मांडीवरची कापडी पिशवी सारखी केली.

"आता बरं दिसतंय," त्या म्हणाल्या.

मी तेव्हा सांगलीत आवटी सरांकडे थ्रीडीचं काम करत होते. सर कागदावर आराखडा काढत. मी तो कंप्युटरवर उभा करून गिऱ्हाइकाला आतून फिरवून आणत असे. धनपाल मगदूम एसटीत ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. विश्रामबागच्या पलीकडं त्यांचा प्लॉट होता. त्यांना बैठं घर हवं होतं आणि त्यांची अट एकच होती. घरात आतली सगळी दारं काचेची पाहिजेत.

"आतली?" सर म्हणाले होते. "आण्णा, बंगल्याला बाहेरून काच लावतात लोक. आतल्या खोल्यांना कोण लावतं?"

हात धुऊन येतो म्हणून आण्णा उठले आणि आमच्या बाथरूममध्ये गेले. दार बंद झालं. पद्माक्का तोवर माझ्याशी गवारीच्या भाजीबद्दल बोलत होत्या. त्या वाक्य अर्धं सोडून उभ्या राहिल्या.

"हे कुठं गेले?"

"हात धुवायला गेलेत, आक्का. येतील."

"कुठं गेले हे?" त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी सरांच्या केबिनचं दार ओढलं, मग कपाटाचं, मग जिन्याचं. आतून आण्णा ओरडत होते, "हाय मी, पद्मा! हितंच हाय!" पण आक्कांना ते ऐकू येत होतं असं वाटलं नाही. ओल्या हातांनी आण्णा बाहेर आले. त्यांना पाहिल्यावर त्या खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसू लागल्या.

"बघितलंत न्हवं?" आण्णा सरांना म्हणाले. "हाक मारून उपेग न्हाई. मी दिसाया पाहिजे."

त्यांचा मुलगा अभय पुण्यात नोकरीला होता. आईसारख्या स्मृती हरवत चाललेल्या माणसांसाठी तिथं एक संस्था होती. अभयनं बापाला वर्षभराची मुदत दिली होती. एकट्यानं सांभाळणं जमलं तर ठीक, नाहीतर आईला तिथं ठेवायचं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"निरोग्याला तिथं घेत न्हाईत. मी बाहेर." ते हसले. "म्हणून म्हणतो पोरी, काच लाव. तिला मी दिसलो आणि मला ती दिसली की झालं. निभंल."

मी कामाला लागले. सॉफ्टवेअरमध्ये आधी भिंत उभी करायची, मग तिच्यात दार बसवायचं. दार बसलं की त्यातली काच सुरुवातीला अपारदर्शक, राखाडी असते. तिला पारदर्शकपणा द्यावा लागतो, जाडी द्यावी लागते, प्रतिबिंब किती पडावं तेही सांगावं लागतं. मी एकेक दार घेत गेले. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये सरकती काच. झोपायच्या खोलीला काच. न्हाणीघराला दुधी काच, कारण आण्णा म्हणाले, सावली दिसली तरी बास. बागेकडच्या भिंतीत अख्खी मोठी खिडकी, जवळजवळ जमिनीपासून. ते बागेत असले तर आक्कांना खुर्चीतून दिसले पाहिजेत.

त्यासाठी मला आक्कांची बसलेली उंची हवी होती. मी टेप घेऊन जमिनीपासून डोळ्यांपर्यंत माप घ्यायला वाकले.

"ब्लाऊज शिवतीस काय?" आक्कांनी विचारलं.

"नाही आक्का, खिडकी शिवते."

"बाह्या जरा सैल ठेव," त्या म्हणाल्या, आणि आण्णा खुर्चीत मागं रेलून हसले. मी त्यांना इतकं हसताना नंतर पाहिलं नाही.

मॉडेल पुरं झालं तेव्हा दोघांना बसवून मी घर दाखवलं. कॅमेरा आक्कांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आणि खुर्चीत बसल्याबसल्या घरभर फिरवला. कुठूनही सगळं दिसत होतं. आण्णांनी ड्रायव्हरसारखे प्रश्न विचारले. ऊन कुठून येतं? दुपारी काच चमकते काय? शेवटी म्हणाले, "आता रात्रीचं दाखव."

मी सूर्य मावळवला आणि दिवे लावले. बागेकडची मोठी काच काळी झाली. तिच्यात दिवाणखान्यातला सोफा आणि छताचा दिवा उमटला.

"काचेत दिवा दिसतोय," आण्णा म्हणाले.

"खरी काच अशीच दिसते, आण्णा."

"बरोबर हाय," ते म्हणाले. पद्माक्काही पुढं वाकून बघत होत्या. त्यांना घर आवडलं. "कुणाचं हाय हो?" त्यांनी विचारलं. आण्णा म्हणाले, "तुझंच." त्यांनी मान डोलावली.

घर बांधून झालं. घरभरणीला मी गेले होते. काचेवर कुणी आपटू नये म्हणून आण्णांनी प्रत्येक दारावर आणि मोठ्या खिडकीवर आक्कांच्या कपाळाच्या उंचीला एकेक लाल टिकली चिकटवली होती. आक्का दिवाणखान्यात बसून होत्या. आण्णा स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले, परसात गेले, कुणाला तरी दारापर्यंत सोडायला गेले. आक्का नुसत्या मान वळवत होत्या आणि पाहुण्यांशी बोलत होत्या. अभय आला होता. जाताना त्यानं सरांचा हात धरून आभार मानले.

थोड्याच दिवसांनी आण्णांचा फोन आला.

"पोरी, जरा येऊन जा. काचेचं काय तरी करावं लागंल."

मी ऑफिस सुटल्यावर गेले. घरात दिवे लागले होते. पद्माक्का बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. पायात चपला, मांडीवर ती कापडी पिशवी, पण आता भरलेली.

"बाहेर का बसलात, आक्का?"

"गाडीची वाट बघतीय. आष्ट्याला जायचं हाय. माहेरी." मग त्यांनी मला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. "आत यांची बाई हाय."

"कोण बाई?"

"बाई चांगली हाय, उगं कशाला बोलावं? माझ्याच वयाची. मी बसा म्हटलं, तर बसली. च्या दिला, तर हात लावला न्हाई. टिकली लावून नीटनेटकी असते. ज्या खोलीत जावं तिथं हीच." त्यांनी पिशवीची नाडी घट्ट केली. "एवढं घर यांनी तिच्यासाठी बांधलं. त्यांचा संसार हाय. मी कशाला मधी?"

त्या रागावल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. लग्नघरातून वेळेवर निघणाऱ्या पाहुणीसारख्या बोलत होत्या.

आण्णा दारात उभे होते. "सकाळी हसत असते," ते म्हणाले. "दिवे लावले की पिशवी भरती. अगं बाई कुठली, दाखव म्हटलं, तर म्हणती, तुम्हाला म्हाईत न्हाई व्हय?"

मी आत गेले. मोठ्या काचेसमोर फरशीवर एक कप ठेवला होता. चहावर साय धरली होती. मी कप उचलायला वाकले आणि समोरून एक बाई वाकली. मी सरळ झाले, तीही झाली. खांद्याला पर्स, कपाळाच्या जरा खाली लाल टिकली. आक्कांपेक्षा मी उंच होते म्हणून टिकली खाली आली होती, एवढाच फरक.

मॉडेलमध्ये आम्ही रात्रही पाहिली होती. काचेत सोफा दिसला होता, दिवा दिसला होता. पण सॉफ्टवेअरमध्ये बघणाऱ्याला शरीर नसतं. कॅमेरा कुठल्याही काचेसमोर नेऊन उभा करा, काचेत कोणी येत नाही.

मी आण्णांना ते सांगितलं. त्यांनी दोनदा समजून घेतलं.

"म्हंजे आपण तिघंबी त्या घरात फिरलो," ते म्हणाले, "पण आत कुणीच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले. मी त्यांना एक गोष्ट दाखवली. प्रतिबिंबाचा आकडा शून्यावर नेला की काच आरपार राहते, तिच्यात काही उमटत नाही.

"हे बेस हाय," ते म्हणाले. "अशी दे."

"हे इथंच होतं, आण्णा. अशी काच बाजारात मला मिळालेली नाही."

काचेवर चिकटवायची एक फिल्म मी मागवली. ती लावली. बाई जरा फिकट झाली, गेली नाही. मग आण्णांनी आक्कांच्या जुन्या साड्या दारांवर टांगल्या. बाई गेली. पण साडीच्या पलीकडं आण्णाही गेले. पहिल्याच संध्याकाळी ते न्हाणीघरात असताना आक्का त्यांना शोधत रस्त्यावर गेल्या. एका रिक्षावाल्यानं परत आणून सोडलं. आण्णांनी साड्या काढून टाकल्या.

त्यानंतर काही दिवस फोन आला नाही. एकदा संध्याकाळी मी त्या बाजूला गेले होते म्हणून वाट वाकडी करून त्यांच्याकडे डोकावले. घर पूर्ण काळोखात होतं. मला वाटलं बाहेर गेलेत. परत फिरणार तोच आतून आवाज आला.

"ये पोरी. दार उघडं हाय. दिवा लावू नको."

चाचपडत आत गेले. मोठ्या काचेसमोर आण्णा स्टुलावर बसले होते. त्यांच्या मागं खुर्चीत पद्माक्का. काचेपलीकडं रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात बाग दिसत होती, कुंपण दिसत होतं, एक मांजर भिंतीवरून चालत होतं तेही दिसत होतं. काचेत कोणी नव्हतं.

"आमच्या जैनांत तसंही दिवेलागणीच्या आत जेवण उरकायची रीत," आण्णा हळू आवाजात म्हणाले. "मग दिवा हवा कशाला? रात्रीची गाडी चालवताना ड्रायव्हरच्या मागचा दिवा आम्ही बंदच ठेवतो. न्हाईतर काचेत आपलंच तोंड दिसतं, रस्ता दिसत न्हाई. केबिनचा दिवा बंद केला की काच साफ. सारा जन्म तेच केलं, पण घरात काय ते सुचलं न्हाई बघ."

"कुठं आली हो गाडी?" मागून आक्कांनी विचारलं.

"डिग्रज गेलं आत्ता."

"आष्टा आलं की सांगा."

"सांगतो की."

मी जमिनीवर बसले. आण्णा मला सांगू लागले. नवीन लग्न झालेलं असताना आक्का माहेरी निघाल्या की मुद्दाम त्यांच्याच गाडीला यायच्या. पहिल्या सीटवर बसायच्या. कंडक्टर चेष्टा करायचा, वहिनींचं तिकीट साहेबांच्या खात्यावर. "हिला वाटायचं मी रस्ता बघतोय. मी आरशात बघायचो. ही दिसायची. तुंगजवळ एकदा बैलगाडीला घासणार होतो."

"आता कुठं?" आक्का.

"तुंग आलं."

"लवकर आलं."

"रस्ता मोकळा हाय."

मी पुढं सरकून विचारलं, "आष्टा आलं की काय करता?"

"आष्टा यायच्या आत तिला डोळा लागतो," आण्णा म्हणाले. "मग उचलून नेऊन झोपवतो."

खरोखरच आक्कांची मान एका बाजूला कलू लागली होती. पिशवी मांडीवरून घसरून खाली आली होती. त्या घरात आता महिन्यामागून महिने जातील, अभयची मुदत सरेल आणि ही दोघं इथंच राहतील, असं मला त्या क्षणी स्वच्छ वाटलं.

फाटक वाजलं. बाहेर गाडीचं दार बंद झालं. कोणीतरी पायरी चढून आलं आणि दारातच थांबलं.

"आण्णा? आई?" आवाज अभयचा होता. न कळवता आला होता. "दिवे गेलेत काय?"

"अभय, लावू नको—" आण्णा उठता उठता म्हणाले.

बटणाचा आवाज झाला.

सगळं घर उजळलं आणि सगळ्या काचा एकदम भरल्या. समोरच्या मोठ्या काचेत, स्वयंपाकघराच्या दारात, पलीकडच्या दारात, जिथं नजर जाईल तिथं ती बाई खुर्चीत बसलेली होती, डोक्याच्या वर लाल टिकली. पद्माक्कांनी डोळे उघडले. आजूबाजूला पाहिलं. गाडी स्टँडवर लागल्यावर आतले दिवे लावतात, तसे लागले होते.

"आलं वाटतं आष्टा," त्या म्हणाल्या. वाकून पिशवी उचलली आणि उठल्या. मग काचेतल्या बाईकडे बघून सावकाश मान हलवली. "बसा तुम्ही. जागा चांगली हाय. आरशातनं दिसती."

अभय बापाकडे बघत राहिला. फरशीवर बसलेल्या माझ्याकडे त्यानं पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

"हे काय चाललंय, आण्णा? रोज असं अंधारात बसता? आई पडली असती म्हणजे?"

"पडत न्हाई ती. मी असतो."

"तुम्हालाच कोणी बघायला पाहिजे आता," अभय म्हणाला. तो दुष्टपणानं म्हणाला नाही. "वर्षाचं राहू दे. मी उद्या नेतो तिला."

आण्णांनी सांगायचा प्रयत्न केला. काच, दिवा, टिकली, गाडी. प्रकाशात ते सगळं वेड्यासारखं वाटत होतं. मीही सांगायला गेले. अभय म्हणाला, "तुम्ही प्लीज यात पडू नका." दरम्यान पद्माक्का चपला घालून पायरीवर जाऊन बसल्या होत्या.

सकाळी त्या अभयच्या गाडीत आनंदानं बसल्या असं मला आण्णांनी नंतर सांगितलं. त्यांना वाटलं, आष्ट्याला जायचं आहे. पुढची सीट रिकामी होती, पण मागं बसल्या. ड्रायव्हरच्या मागं.

पुढच्या उन्हाळ्यात पद्माक्का पुण्यातल्या त्या संस्थेतच वारल्या. आवटी सरांनी वर्तमानपत्रातला फोटो दाखवला तेव्हा मला कळलं.

काही आठवड्यांनी आण्णा ऑफिसात आले. दाढी वाढलेली, शर्टाची इस्त्री मात्र कडक. सर साइटवर गेले होते. आण्णांनी माझ्या शेजारची खुर्ची ओढली. तिथं पूर्वी आक्का बसायच्या.

"ते घर हाय काय गं अजून? तुझ्या ह्याच्यात?"

"आहे की."

"दाखव जरा. रात्रीचं."

मी फाइल उघडली. सूर्य मावळवला, दिवे लावले. मोठी काच काळी झाली. तिच्यात सोफा आला, छताचा दिवा आला.

"आता सगळे दिवे लावतो मी," आण्णा म्हणाले. "बागेतला सोडून सगळे. हिच्या खुर्चीत बसतो. म्हटलं, ही गेली तर गेली, ती बाई तरी दिसंल. मीच दिसतो, पोरी. सगळ्या खोल्यांत मीच. तीबी गेली हिच्याबरोबर. टिकल्या तेवढ्या हायत."

ते स्क्रीनकडे बघत होते.

"पयल्या दिवशी एक बाई होती बघ. ओट्याजवळ. मी काढायला लावली ती. तिला उभी करता येती काय? काचेसमोर."

संग्रह उघडला. ती होती. कोट-पँट, हातात मग. मी तिला उचलून मोठ्या काचेसमोर ठेवलं. ती काचेत उमटली. रिकाम्या दिवाणखान्यात, दिव्याखाली, काचेतून ती आमच्याकडे बघत उभी राहिली. आण्णा पुढं वाकले.

"साडीतली न्हाई काय कोण?"

"नाही, आण्णा. यात साडीतलं कुणीच नाही."

ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला आणि दाराकडं एकदा वळून पाहिलं, कोणी येतंय की काय ते.

"काढ पोरी," ते म्हणाले. "हिला कळलं तर परत पिशवी भरंल."